ओव्हर्चर

ओव्हर्चर : पाश्चात्त्य संगीतातील एक वाद्यवृंदरचना. ऑपेरा, बॅले, ऑरेटोरिओ, नाटक इत्यादींच्या आरंभी, सामान्यतः पडदा वर जाण्यापूर्वी, ती वाजविली जाते. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘उघडणे’ किंवा ‘आरंभ’ असा आहे. मराठी संगीत नाटकाच्या प्रारंभी येणाऱ्या नांदीशी तिचे स्थानदृष्ट्या साम्य आहे. तथापि नांदी हे गायिले जाणारे मंगलाचरण होय, तर ओव्हर्चरमध्ये शब्द नसतात व ईशस्तवनाचा हेतूही नसतो. पुढे घडणाऱ्या नाट्याशी ह्या शब्दहीन संगीताचे नाते काय असावे, हा प्रश्न ओव्हर्चरच्या इतिहासात वारंवार उपस्थित झाला आणि त्याच्या निरनिराळ्या उत्तरांतूनच ह्या रचनाप्रकाराची वाढ झाली.

आरंभीचे स्वरूप : प्रारंभीच्या ऑपेरांत हे संगीत मुख्यत्वे श्रोत्यांचे लक्ष वेधण्यापुरते असे. क्लाउद्यो मोंतेव्हेर्दी (१५६७–१६४३) ह्याच्या ऑर्फेओ (१६०७) ह्या ऑपेराच्या आरंभी एक छोटी ‘तोक्काता’ असून पडदा उघडण्यापूर्वी ती तीन वेळा वाजवावी, अशी सूचना स्वरलिपीत आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन निश्चित आकृतिबंध रूढ झाले. चौदाव्या लूईच्या दरबारातील झां बातीस्त लली (१६३२–८७) ह्याने स्थिर केलेल्या फ्रेंच ओव्हर्चरमध्ये प्रथम दरबारी थाटाला साजेसा, झोकदार लयीचा विलंबित भाग आणि त्यानंतर फ्यूगच्या धर्तीचा द्रुत भाग येतो. बाखने आपल्या वाद्यवृंदीय स्वीट-रचनांचा आरंभ ह्याच पद्धतीने केला. हँडलच्या मेसाया (१७४२) ह्या ऑरेटोरिओचा आरंभही ह्याच घाटाचा आहे. इटलीत आलेस्सांद्रो स्कारलात्ती (१६६०–१७२५) ह्याच्या ऑपेरांतून द्रुत-विलंबित-द्रुत अशा तीन भागांची ‘सिन्फोनिया’ प्रस्थापित झाली. ती ऑपेरापासून अलग करून स्वतंत्रपणेही वाजविली जाऊ लागली व अठराव्या शतकातील सिंफनीच्या उगमस्थानांपैकी एक ठरली.

नाट्याशी संबंध : ह्या दोन्ही प्रकारांतील संगीताचा कथानकाशी सहसा संबंध नसे. ग्लूक (१७१४–८७) ह्याने आल्चेस्ते ह्या ऑपेराच्या १७६९ मधील प्रस्तावनेत ह्या प्रथेवर आक्षेप घेतला. ओव्हर्चरने प्रेक्षकांना पुढील नाट्याच्या स्वरूपाची कल्पना द्यावी, असे मत त्याने मांडले. मोट्सार्टच्या दोन जोव्हान्नी (१७८७) ह्या ऑपेराच्या ओव्हर्चरमध्ये हे तत्त्व प्रभावीपणे प्रत्ययास येते. तिच्या आरंभीचे गंभीर स्वर अखेरच्या अंकात पाषाणपुतळा भोजनास येतो त्या प्रसंगी पुन्हा ऐकू येतात. सुरुवातीस केवळ भयसूचक वाटलेल्या स्वरांचा अर्थ प्रेक्षकाला तेव्हा उलगडतो.

मात्र हे नाते किती निकटचे असावे, ही अडचण बेथोव्हनच्या फिदेलिओ ह्या एकमेव ऑपेराने स्पष्ट केली. ह्या ऑपेरासाठी त्याने एकूण चार ओव्हर्चर रचल्या. अन्यायाने तुरुंगात डांबलेल्या पतीची सुटका करण्यासाठी लेओनोरे पुरुषवेषात तेथे चाकरी पतकरते. मंत्र्याच्या आगमनाची वर्दी देणारा ट्रंपेटचा आवाज हा कथानकाचा निर्णायक क्षण. १८०५ च्या प्रयोगाची ओव्हर्चर (‘लेओनोरे क्रमांक २’) व १८०६ ची ‘क्रमांक ३’ ह्या दोन्हींत हा आवाज दुरून ऐकू येतो. म्हणजे पडदा उघडण्यापूर्वीच सुटकेची वार्ता प्रेक्षकांना मिळते आणि तुरुंगाधिकाऱ्याच्या घरातील पहिले हलकेफुलके दृश्य त्यानंतर फिके पडते. क्रमांक ३ मध्ये जणू सारे नाटकच सामावले आहे. तिची थोरवी हीच तिची रंगभूमीवरील अडचण ठरली. अखेरच्या १८१४ च्या आवृत्तीसाठी बेथोव्हनने आटोपशीर अशी नवी ओव्हर्चर रचली आणि ‘क्रमांक ३’ मैफलीतच अधिक मान्यता पावली.

याउलट रोस्सीनीने (१७९२–१८६८) नाट्याशी असलेले नाते जवळजवळ नाकारले. द बार्बर ऑफ सेव्हिल (१८१६) ह्या विनोदी ऑपेराची सुप्रसिद्ध ओव्हर्चर मूळची रोमन सम्राटाच्या कथेवरील आउरेल्यानो इन पाल्मीरा (१८१३) ह्या गंभीर ऑपेराची असून मध्यंतरी इंग्लंडच्या राणीवरील एका ऑपेरासाठीही (१८१५) ती वापरण्यात आली होती. तरीही आजच्या श्रोत्यास ती खट्याळ न्हाव्याच्या कथेसाठीच रचली असावी, असे वाटते. शब्दांच्या अभावी संगीताचा अर्थ संदर्भाने किती घडतो, ह्याचे हे बोलके उदाहरण होय. वेबरने डेअर फ्रायशुट्स (१८२१) मध्ये ऑपेरातीलच सुरावटी गुंफून एक सुसंघटित रचना साधली. व्हाग्नरने (१८१३–८३) लोहेनग्रिनपासून (१८५०) ओव्हर्चरऐवजी पहिल्या दृश्यात विलीन होणारे पूर्वसंगीत योजिले. व्हेर्दीच्या ओतेल्लो (१८८७) मध्ये तर पडदा थेट वादळावरच उघडतो.

मैफलीतील ओव्हर्चर : एकोणिसाव्या शतकात ज्यामागे ऑपेरा वा नाटक नाही, अशी स्वतंत्र ओव्हर्चर उदयास आली. मेंडेल्सझोनने शेक्सपिअरच्या अ मिडसमर नाइट्स ड्रीम ह्या नाटकावरील ओव्हर्चर १८२६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी रचली. त्या नाटकाच्या प्रयोगासाठी उर्वरित संगीत त्याने १८४२ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी लिहिले. स्कॉटलंडच्या प्रवासातून स्फुरलेली त्याची हेब्रिडीझ (पहिला प्रयोग, लंडन, १८३२) ही ओव्हर्चर केवळ सागरी निसर्गाचा अनुभव देते. ह्याच वाटेने पुढे लिस्टचे सिंफनिक काव्य निर्माण झाले. ब्राम्सने ब्रेस्लौ विद्यापीठाने दिलेल्या सन्माननीय पदवीबद्दल कृतज्ञता म्हणून विद्यार्थिगीतांवर आधारित अकॅडेमिक फेस्टिव्हल ओव्हर्चर (१८८०) रचली. चायकॉव्हस्कीची नेपोलियनच्या रशियावरील स्वारीविषयीची १८१२ (रचना १८८०) ही तोफांच्या योजनेमुळे विशेष लोकप्रिय आहे.

चित्रपटातील ओव्हर्चर : मूकपटांच्या काळात अमेरिकेतील मोठ्या चित्रपटगृहांत वाद्यवृंद असत आणि खेळापूर्वी ओव्हर्चर वाजविली जाई. बोलपटांच्या काळात ही प्रथा ध्वनिमुद्रित रूपात टिकली. विशेषतः आगाऊ आरक्षण व मध्यंतर असलेल्या भव्य चित्रपटांच्या खास खेळांना नाट्यगृहाची प्रतिष्ठा लाभावी, हा तीमागील हेतू होता. गॉन विथ द विंड (१९३९, संगीत माक्स स्टाइनर), बेन-हर (१९५९) आणि लॉरेन्स ऑफ अरेबिया (१९६२, संगीत मॉरिस झार) ही त्याची उदाहरणे होत. लॉरेन्स मध्ये सुमारे चार मिनिटे पडद्यावर काहीही दिसत नाही. केवळ संगीत ऐकू येते. श्रेयनामावलीबरोबर वाजणाऱ्या शीर्षकसंगीताहून ही ओव्हर्चर भिन्न असते. २००१ : अ स्पेस ओडिसी (१९६८) ह्या चित्रपटात लिगेटीची आधी रचलेली वाद्यवृंदरचना ह्या स्थानी योजिली आहे. १९७० नंतर अशा खास खेळांबरोबरच ही प्रथाही मागे पडली. द हेटफुल एट (२०१५) ह्या चित्रपटाच्या ७० मिमी. आवृत्तीसाठी एन्न्यो मोर्रिकोने ह्याच्या संगीताने तिचे क्वचित पुनरुज्जीवन झाले.

ऑपेरागृहात व चित्रपटगृहात ओव्हर्चरचे महत्त्व कमी झाले असले, तरी वाद्यवृंदाच्या मैफलीचा आरंभ ओव्हर्चरने करण्याचा प्रघात अद्याप आढळतो. ज्यांचे ऑपेरा आता क्वचितच रंगभूमीवर येतात, अशा अनेक ओव्हर्चर तेथे नियमितपणे ऐकावयास मिळतात. नाट्याची वर्दी देण्यासाठी जन्मलेला हा प्रकार अशा रीतीने नाट्यावाचूनही टिकून राहिला आहे.