अंगणातले कुंपण म्हणजे रान नव्हे

कासवाचे पिल्लू काचेच्या पेटीत कोंडण्यापेक्षा अंगणात विटांचे कुंपण घालून मोकळे सोडले की ते रानातल्यासारखेच वाढते, ही समजूत चांगल्या हेतूने रुजलेली आहे आणि अर्धी खरीही आहे. ऊन थेट अंगावर पडल्याशिवाय त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व नीट तयार होत नाही आणि चाऱ्यातले कॅल्शियम कवचाला लागत नाही. पण चूक पुढे होते: जमिनीवरचे कासव कोरड्या मुलखातले, म्हणून त्याला कोरडेच ठेवावे, असे मानले जाते. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये आफ्रिकी सुलकाटा कासवाच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांच्या कवचावर उंच टेंगळे आली, दमट हवेतल्यांवर ती कमी होती. ज्या प्रथिनांना सगळे दोष देत, त्यांचा परिणाम किरकोळ निघाला. आपल्याकडचे चांदण्यांच्या नक्षीचे स्टार कासवही पावसाळ्यात जास्त हिंडते आणि दुपारच्या उन्हात गवताच्या बुंध्याशी दडून राहते. आमच्या संग्रामपूरच्या उन्हाळ्यात विटांनी बंदिस्त केलेली उघडी जागा भट्टीसारखी तापते, आणि पिल्लाला तिथून सावलीकडे निघून जाता येत नाही. शिवाय कावळा आणि मुंगूस यांना असे कोवळे कवच म्हणजे आयता घास. थंडाव्यासाठी टबात सोडावे, तर हे पाण्यातले कासव नव्हे. खोल पाण्यात ते बुडते.

यावर कोणी म्हणेल, झुडपे लावू, माती ओली ठेवू, वरून जाळी टाकू. सुलकाटासारख्या परदेशी कासवाची रीतसर नोंदणी केलेल्यांनी हे जरूर करावे. पण घराला लाभते म्हणून आणलेल्या स्टार कासवाला हे उत्तर लागू पडत नाही, कारण ते पाळणेच गुन्हा आहे. पैसे मोजून घेतले म्हणून ते आपले होत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि हे कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आले. किमान शिक्षा तीन वर्षे कैद. त्याआधी २०१९ मध्येच त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी आली होती. ही कासवे बहुतेक रानातूनच उचललेली असतात, तेव्हा अंगणातले प्रत्येक पिल्लू पुढच्या पिल्लाला गिऱ्हाईक तयार करते. मला तरी हा मुद्दा कवचावरच्या टेंगळांपेक्षा मोठा वाटतो.

मग जवळच अंबाबरवा अभयारण्य आहे, तिथे नेऊन सोडले तर? हाही अपायच. माणसाच्या सहवासातले आजार तिथल्या कासवांना लागू शकतात, आणि कुठल्या मुलखातून आणले हे ठाऊक नसलेले पिल्लू त्या रानात तगेल याची खात्री नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. माणसे येईपर्यंत त्याला भोके पाडलेल्या खोक्यात, सावलीत, एका कोपऱ्यात ओले फडके टाकून ठेवावे. दूध, भात, भाकरी काहीही देऊ नये.