'मध्यम' म्हणजे नेमकं किती?

मी कळंबचा. आमच्याकडे चढण म्हणजे येरमाळ्याच्या येडाईच्या पायऱ्या आणि किल्ला म्हणजे नळदुर्ग नाहीतर परंडा. दोन्ही भुईकोट. एस.टी.तून उतरायचं आणि सरळ चालत आत शिरायचं. त्यामुळे सेकंड इयरला होस्टेलच्या नोटीस बोर्डावर 'हरिश्चंद्रगड, श्रेणी : मध्यम' असा कागद लागला, तेव्हा मी हिशोब केला : सोपी म्हणजे येडाई, तर मध्यम म्हणजे दोन वेळा येडाई! लगेच नाव देऊन टाकलं.

जुलै महिना होता. खिरेश्वरहून तोलार खिंडीपर्यंत गाणी म्हणत गेलो. खिंडीच्या वर कातळाचा टप्पा लागतो. तिथे रेलिंग आहे, पण खडक ओला, त्यावर शेवाळ, आणि माझ्या पायात कॉलेजचे गुळगुळीत तळाचे बूट. मध्यावर पाय सटकला आणि मी एका हाताने रेलिंगला लोंबकळलो. वर जाता येईना, खाली बघवेना. मागून येणाऱ्या रूम पार्टनरने माझी टाच धरून खाचेत बसवली, तेव्हा कुठे वर पोचलो. मनगट मात्र असं मुरगळलं, की पुढे पंधरा दिवस वर्कशॉपमध्ये कानस धरता आली नाही. रूम पार्टनर जुन्नरकडचा. त्याला तो टप्पा म्हणजे घरचा जिना!

वाट तीच, श्रेणी तीच. मग हे 'मध्यम' ठरवतं कोण? तर सह्याद्रीत कुठलं सरकारी खातं मोजमाप करून श्रेणी देत नाही. ट्रेकला नेणारी मंडळी अनुभवावरून लिहितात. शिवाय श्रेणी गडाची नसते, वाटेची असते, हे मला नंतर कळलं. हरिश्चंद्रगडाला पाचनईकडून गेलात तर सोपी, खिरेश्वरकडून मध्यम, आणि कोकणातल्या बेलपाड्याहून नळीच्या वाटेने गेलात तर दिवसभर धोंड्यांतून आणि कातळावरून चढाई. ती कठीणच. गड एक, श्रेण्या तीन!

हे रडगाणं मी अमेरिकेतल्या आतेभावाला फोनवर ऐकवलं, तर तो हसायलाच लागला. तो कोलोरॅडोत बर्फावर स्कीइंग शिकतोय. तिकडे उतारांना खुणा असतात : हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा कठीण. पण ही श्रेणी त्याच डोंगरावरच्या बाकीच्या उतारांशी तुलना करून देतात. एका ठिकाणी निळ्यावर जमलं म्हणून हा दुसरीकडे निळ्यावर गेला आणि अर्धा उतार बसून घसरत आला. युरोपात तर निळा रंग सोप्या उताराचा, मध्यमला लाल. म्हणजे रंग बघून धाडस केलं, की झालीच फजिती.

तरी त्यांच्याकडे उताराचे साधारण आकडे असतात. अमेरिकेत २५ टक्क्यांपर्यंत हिरवा, ४० पर्यंत निळा, त्यापुढे काळा. टक्के म्हणजे अंश नव्हेत हं! १०० टक्के म्हणजे ४५ अंश, आणि ४० टक्के म्हणजे जेमतेम २२. कागदावर किरकोळ वाटतं, पण पायाखाली बर्फ असला की तेवढ्यानेही घाम फुटतो, असं तो म्हणाला.

आता सिव्हिलवाल्यांनी सांगावं, बीमचं डिझाइन आपण सरासरी बेंडिंग मोमेंटवर करतो का? मॅक्सिममवर करतो. वाटेचंही तसंच आहे. चार तासांची चाल निवांत असली, तरी माझं गणित चुकलं ते त्या एका कातळावर. म्हणून आता कुणी 'मध्यम' म्हटलं, की मी विचारतो : सगळ्यात वाईट टप्पा कुठला? तिथून माघारी फिरता येतं का? आणि हे कुठल्या महिन्याचं बोलताय? कोरड्या खडकाचं 'मध्यम' पावसात तसं राहत नाही, आणि नोटीस बोर्डावरच्या कागदाला महिना लिहायचं सुचलं नव्हतं. अर्थात मीही विचारलं नव्हतं.

डिसेंबरात पुन्हा जायचं ठरतंय, पाचनईकडून. रूम पार्टनर म्हणतो, "टाच धरायला मी आहेच रे, बूट तेवढे नवीन घे."