निष्कास नळीचा व्यास

निष्कास नळीचा व्यास म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनातील जळालेले वायू बाहेर नेणाऱ्या नळीचा आतील व्यास होय. बोलीभाषेत या संपूर्ण नळीला सायलेन्सर म्हणतात. प्रत्यक्षात सायलेन्सर हा तिचा आवाज कमी करणारा भाग आहे. टर्बोचार्जर नसलेल्या आणि एअर फिल्टर, कॅमशाफ्ट यांसारखे मर्यादित बदल केलेल्या इंजिनासाठी हा व्यास निवडताना प्रवाहाला होणारा विरोध आणि वायूचा वेग या दोन्हींचा विचार करावा लागतो. नळी जितकी रुंद तितकी शक्ती अधिक, हा समज अपुरा आहे.

कार्यपद्धती

निष्कास झडप उघडताच उच्च दाबाची लाट नळीत शिरते. अनेक नळ्या जेथे एकत्र येतात, त्या रुंद जागी पोहोचल्यावर तिचा काही भाग कमी दाबाची लाट होऊन परततो. ही लाट योग्य क्षणी झडपेशी आली, तर सिलिंडरमधील उरलेले वायू ओढले जातात आणि ताजे मिश्रण अधिक प्रमाणात आत येते. सिलिंडरलगतच्या नळ्या अति रुंद असल्यास वायूचा वेग मंदावतो, हा परिणाम क्षीण होतो आणि कमी फेऱ्यांवरील टॉर्क घटतो. त्या अति अरुंद असल्यास जास्त फेऱ्यांवर शक्ती घटते.

इंजिनाला ‘उलट दाब’ आवश्यक असतो, ही समजूत यातूनच रूढ झाली. वस्तुतः उलट दाब हा तोटाच असून उपयुक्त असतो तो वायूचा वेग. पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीने काही मोटारसायकलींत निष्कास नळीला लहान कक्ष जोडणारे ‘एक्झॉस्टेक’ तंत्र कमी फेऱ्यांवरील टॉर्क वाढवण्यासाठीच वापरले.

व्यासाचा अंदाज

१६०० घन सेंमी क्षमतेचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर, ९० टक्के भरणक्षमतेने चालत असल्यास ६०० अंश सेल्सियस तापमानाचे सुमारे ०.२३ घनमीटर वायू दर सेकंदाला बाहेर पडतात. तीन मीटर लांबीच्या सरळ मुख्य नळीसाठी अंदाजे आकडे असे :

४५ मिमी : वेग सेकंदाला १४५ मीटर, घर्षणाने दाबातील घट ५.७ किलोपास्कल
५० मिमी : वेग ११७ मीटर, घट ३.३ किलोपास्कल
६३ मिमी : वेग ७४ मीटर, घट १ किलोपास्कल

पहिल्या ५ मिमी वाढीने जेवढा लाभ होतो, जवळजवळ तेवढाच मिळवण्यासाठी पुढे १३ मिमी वाढवावे लागतात. त्यानंतर नळीचे वजन व आवाज वाढतो आणि वाहनाखालील मोकळी जागा कमी होते. शिवाय तीव्र वळणे, सायलेन्सर व उत्प्रेरक परिवर्तक यांचा विरोध सरळ नळीपेक्षा अनेकदा जास्त असतो; तो तसाच ठेवून नळी रुंद केल्यास उपयोग थोडाच होतो.

स्थानिक परिस्थिती

धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सात टक्के कमी असतो आणि टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्तीही साधारण त्याच प्रमाणात घटते. रुंद नळीने ही घट भरून निघत नाही. गाळप हंगामात ढोकीसारख्या ऊसपट्ट्यातील रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉलीमागे सावकाश चालून पुढे जाताना मध्यम फेऱ्यांवरील टॉर्कच उपयोगी पडतो. अशा वापरासाठी सिलिंडरलगतच्या नळ्या मूळ मापाच्या जवळ ठेवून मुख्य नळीतच माफक वाढ करणे सोयीचे ठरते.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार सायलेन्सर अनिवार्य आहे. ध्वनी व वायू प्रदूषणाच्या मानकांचे उल्लंघन केल्यास कलम १९०(२) नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याशिवाय वाहन परवान्यासाठी तीन महिने अपात्र ठरवले जाते.