अंगणातील फुलझाडे : शोभा आणि सावधगिरी

रविवारच्या मिस्सासाठी शनिवारी सायंकाळी मुली फुले गोळा करीत फिरतात, हे दृश्य आपल्या ओळखीचे आहे. मे महिन्याच्या उन्हात देडतलाईच्या बाजूला दुसरे काही फुललेले नसले तरी दोन झाडे हमखास फुललेली सापडतात. एक लाल किंवा पांढरी कण्हेर आणि दुसरी पिवळ्या घंटेसारखी फुले येणारी बिट्टी, जिला हिंदीत पीली कनेर म्हणतात. साहजिकच वेदीवरच्या फुलदाणीत तीच येतात. दोन दिवसांनी फुलदाणी रिकामी होते, कोमेजलेली फुले-पाने देवळामागे टाकली जातात, आणि देवळामागे कोणाची तरी शेळी चरत असते.

शेतकरी बंधुभगिनींनो, कण्हेरीचे पान, फूल, साल, मूळ, बी, सगळेच विषारी आहे. तिच्या फांद्या ज्या पाण्यात ठेवल्या ते फुलदाणीचे पाणीसुद्धा विषारी होते. हे विष थेट हृदयावर काम करते. प्रथम मळमळ आणि ओकाऱ्या होतात, मग नाडी मंद व अनियमित होते. जनावर बहुधा हिरवी कण्हेर खात नाही, कारण ती कडू लागते. घात होतो तो छाटणीनंतर. तोडलेल्या फांद्या वाळतात, पानांचा कडूपणा उतरतो, पण विष तसेच राहते. कोणी त्या फांद्या बांधावर टाकतो, कोणी चुकून कडब्याच्या गंजीजवळ ठेवतो, आणि सकाळी जनावर मेलेले आढळते. मग घरात साप चावल्याची चर्चा होते, कोणी नजर लागली म्हणतो. खरे कारण कुंपणाशी पडलेले असते.

बिट्टीचे विष त्याच जातीचे. हे झाड मूळचे अमेरिका खंडातल्या उष्ण भागातले, शोभेसाठी आपल्याकडे आले आणि देवळे-शाळांच्या आवारात रुजले. त्याच्या हिरव्या तिकोनी फळातली कठीण बी मुले खेळायला घेतात, हाच मोठा धोका आहे. श्रीलंकेत या बियांच्या विषबाधेचे रुग्ण इतके येत की तेथील डॉक्टरांनी त्यावर विशेष उताऱ्याची चाचणी घेतली आणि तो गुणकारी असल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले. पण तो उतारा फार महाग आहे आणि गावाकडच्या दवाखान्यात मिळेल अशी आशा धरू नये. शाळेच्या किंवा बालवाडीच्या आवारात बिट्टी असेल तर ती मुळासकट काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कण्हेर मात्र रस्त्याच्या दुभाजकावर शोभते. तेथे शेळी नाही आणि पाळणाही नाही.

शोभेसाठी आणलेले झाड पुढे काय करील, हे आणणाऱ्याला ठाऊक नसते. घाणेरीचेच पाहा. हिला कोणी टणटणीही म्हणतात. अमेरिका खंडातले हे झुडूप १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात फुलांसाठी म्हणून लावले गेले. पाखरांनी फळे खाल्ली, बिया देशभर पसरवल्या, आणि आज सातपुड्यात व मेळघाटात गवताच्या जागी घाणेरी उभी आहे. चारा भरपूर असताना गुरे तिला तोंड लावत नाहीत, टंचाईत लावतात. तिच्या पानांनी यकृत बिघडते, कावीळ होते आणि कातडीला ऊन सोसेनासे होते. आपल्या निमाडी जातीच्या गुरांच्या तांबड्या अंगावर पांढरे डाग असतात. त्या पांढऱ्या जागीच कातडी लाल होऊन सुजते व सोलते, नाकपुडीही फुटते. असे दिसले की मलम शोधत बसू नये. जनावराला ताबडतोब सावलीत बांधावे, घाणेरीच्या जागी चरायला सोडणे बंद करावे आणि गुरांच्या डॉक्टरला बोलवावे. मुले घाणेरीची पिकलेली काळी फळे खातात ते आपण पाहतो. कच्ची हिरवी फळे मात्र त्यांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत. (कर्नाटकात मलै महादेश्वर डोंगरातले सोलिग लोक घाणेरीच्या काड्यांपासून वेतासारख्या खुर्च्या विणतात. आपल्याकडच्या कोरकू कारागिरांचे हातही काही कमी नाहीत.)

बेशरमची गोष्ट वेगळी नाही. नाल्याच्या काठी जांभळट फुलांनी डवरलेले हे झुडूपही मूळ अमेरिकेकडचे. काडी फेकली तरी रुजते म्हणून हे नाव पडले. शेळीला त्याची चटक लागते आणि मग ती दुसरा चारा सोडून तेच खाते. काही आठवड्यांनी ती वाळते, डोके हलवते, मागच्या पायांत झोकांड्या खाते. मज्जातंतूंना झालेली इजा मग पुष्कळदा भरून येत नाही. तेव्हा नाल्याच्या काठचे बेशरम उपटून वाळवून जाळावे. कण्हेर मात्र जाळू नये, तिचा धूरही बाधतो. खोल खड्ड्यात पुरावी.

मोगली एरंड, म्हणजे आपल्या बाजूला रतनजोत, हा फुलांसाठी नव्हे तर कुंपणासाठी लावतात. २००३ नंतर त्याच्या बियांतून डिझेल काढण्याचा मोठा गाजावाजा झाला आणि जागोजाग लागवड झाली. डिझेलचे विशेष काही झाले नाही, झाडे राहिली. बी चवीला शेंगदाण्यासारखी लागते, म्हणून एक मुलगा खातो आणि दहा जणांना वाटतो. तासाभरात सगळे ओकू लागतात. बहुतेक मुले सलाईनने बरी होतात, पण दवाखान्यात न्यावेच लागते.

घराच्या ओसरीवर कुंडीत ठेवतात ते पांढऱ्या ठिपक्यांच्या रुंद पानांचे डायफेनबेकिया रांगत्या मुलाच्या हाताला येणार नाही असे ठेवावे. कच्च्या सुरणाने किंवा अळूने घसा खाजतो, त्याच सुईसारख्या खड्यांनी त्याचे पान चावल्यावर जीभ व ओठ सुजतात. तोंड पुसून थंड पाण्याने खळखळून धुवावे. श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर मात्र थांबू नये.

आता सदाफुलीविषयी, कारण हिच्याबद्दल पुष्कळ जण विचारतात. मादागास्कर बेटावरची ही वनस्पती आपल्या प्रत्येक अंगणात आहे, खडकाळ जागीही बारा महिने फुलते, लावायला हरकत नाही. पण साखरेचा आजार असलेले कित्येक जण सकाळी हिची पाने-फुले चावून खातात. १९५० च्या दशकात कॅनडातल्या संशोधकांनी याच समजुतीवरून हिचा अर्क उंदरांना दिला. साखर उतरली नाही. उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने कमी झाल्या व ते जंतुसंसर्गाने मरू लागले. त्या हुशार माणसांनी उलटा विचार केला : ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्या रोगावर हे चालेल काय? त्यातून व्हिन्ब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध निघाले. पुढे याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन मिळाले आणि रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेली कितीतरी मुले त्यामुळे वाचली. ते औषध डॉक्टर मोजून, रक्त तपासून शिरेतून देतात. तेच द्रव्य आपण रोज न मोजता चावावे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. साखरेची गोळी तरी बंद करू नये.

मग लावावे काय? जास्वंद बिनधोक आहे, पण शेळ्यांना ती फार आवडते, तेव्हा काटेरी फांद्यांचे कोंडाळे हवे. न्हाणीच्या सांडपाण्यावर कर्दळ लावावी. डबके राहत नाही, डासही कमी होतात. मोगरा आहेच. कुंपणाला बोगनवेल उत्तम. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचून तिची मुळे कुजतात, म्हणून मुरूम मिसळून उंचवट्यावर लावावी आणि एकदा जीव धरल्यावर पाण्याचा हात आखडता घ्यावा. जास्त पाण्याने पाने वाढतात, रंग येत नाही. कबरस्तानात पांढरा चाफा शोभतो. पावसाच्या तोंडावर हातभर लांबीची फांदी कापून आठ-दहा दिवस सावलीत ठेवावी, चीक सुकला की लावावी. ओली लावली तर कुजते. तो चीक डोळ्यात जाऊ देऊ नये. गेलाच तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुवावा.

मुलाने कण्हेर किंवा बिट्टी खाल्ल्याचा संशय जरी आला, तरी तोंडातले तुकडे काढून चूळ भरायला लावावी. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये, दूध-तूप पाजत वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा. बऱ्हाणपूर किंवा धारणी, जे जवळ पडेल तेथे न्यावे, आणि त्या झाडाची एक डहाळी कागदात गुंडाळून बरोबर घ्यावी. किती वाजता खाल्ले ते सांगावे. मूल हसू-खेळू लागले म्हणून घरी परत आणू नये. हृदयाचा ठोका काही तासांनंतरही बिघडू शकतो, म्हणून डॉक्टर ठेवून घेतील तितके दिवस ठेवावे. जनावरासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

वेदीच्या फुलदाणीत कण्हेर असेल तर ते पाणी शेळ्या-कोंबड्या पितात अशा जागी ओतू नये, आणि फुले देवळामागच्या खड्ड्यात टाकून वर माती लोटावी.