शंभर सीसीचे गणित

वसई-विरार पट्ट्यात शंभर सीसीची जुनी मोटारसायकल घेणारा तरुण बहुधा पहिला खर्च करतो तो सायलेन्सरवर. आतली जाळी काढून टाकायची, नाहीतर ऑनलाइन स्वस्तात मिळणारा चिनी बनावटीचा आखूड पाइप बसवायचा. आवाज भरदार होतो. मग काही दिवसांतच तोच तरुण नालासोपाऱ्यातल्या एखाद्या गॅरेजसमोर उभा असतो. पिकअप गेला, अॅव्हरेज पडला आणि अॅक्सिलरेटर सोडला की मागे फटाके वाजतात, अशी त्याची तक्रार असते. या तिन्ही दुखण्यांचे मूळ त्या पाइपातच आहे.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा जळालेला वायू नुसता बाहेर वाहत नाही. त्याच्या दाबाची एक लाट पाइपातून ध्वनीच्या वेगाने धावते. वायू तापलेला असल्याने हा वेग हवेतल्या ध्वनीपेक्षा बराच जास्त, सेकंदाला सुमारे पाचशे मीटर असतो. पाइप जिथे रुंद होतो तिथून ही लाट उलटते आणि परतताना कमी दाबाची, म्हणजे ओढून घेणारी लाट होऊन सिलिंडरपाशी येते. त्या क्षणी दोन्ही व्हॉल्व्ह थोडेसे उघडे असतील तर ती उरलेला धूर बाहेर खेचते आणि हवा-पेट्रोलच्या ताज्या मिश्रणाला आत यायला मदत करते. इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला १५ मिलिसेकंद लागतात. लाटेने यायचे ते त्यातल्या दोन-तीन मिलिसेकंदांत. कंपनीने पाइपाची लांबी आणि आतले कप्पे शहरात गाडी ज्या वेगात चालते, त्या वेगासाठी जुळवलेले असतात. जाळी काढली की हे वेळापत्रक बिघडते.

दुसरी गोष्ट मिश्रणाची. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पाइप मोकळा झाला, त्यात कोणी एअर फिल्टरही काढला, तर हवा जास्त येते आणि कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट मात्र जुनाच राहतो. मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रण हळू जळते, कधी सिलिंडरमध्ये पेटतच नाही. अॅक्सिलरेटर सोडल्यावर असे न जळलेले पेट्रोल तापलेल्या पाइपात जाते, तिथे बाहेरची हवा मिळते आणि भडका उडतो. फटाके म्हणतात ते हेच. १ एप्रिल २०२० पासूनच्या, बीएस-६ या प्रदूषण निकषाच्या बहुतेक गाड्यांत इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर आहेत. ते मिश्रण सावरून घेतात, पण ठरावीक मर्यादेतच. सायलेन्सरमधला उत्प्रेरक काढून टाकला तर विषारी कार्बन मोनॉक्साइड तसाच हवेत जातो. तो भरून काढणे कोणत्याही सेन्सरच्या हातात नाही.

या छोट्या इंजिनाची कुळकथा सांगायलाच हवी, कारण त्याची खरी ताकद तिच्यातून कळते. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. तिच्या सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ४९.५ मिलिमीटर, म्हणून आकारमान ९७.२ सीसी. पुढे स्प्लेंडरने हेच माप चालवले. सीडी १०० च्याही आधी, १९७६ साली होंडाने सीजी १२५ बाजारात आणली होती. तिचा स्ट्रोकही ४९.५, फक्त बोअर ५६.५. विकसनशील देशांतले लोक ऑइल वेळेवर बदलत नाहीत, फिल्टर साफ करत नाहीत आणि गाडीवर दुप्पट बोजा लादतात, हे होंडाच्या अभियंत्यांनी फिरून पाहिले होते. म्हणून त्यांनी सिलिंडरशेजारची नाजूक टायमिंग चेन काढून टाकली आणि व्हॉल्व्ह उघडायला पोलादी सळ्या वापरल्या. तंत्र जुने होते, पण दुर्लक्ष सोसणारे होते. माझ्या मते विसाव्या शतकातल्या सर्वांत सहृदय यंत्रांपैकी हे एक आहे.

चीनने सीजी १२५ चे हेच इंजिन उचलले. चोंगचिंग शहरात लिफान, झोंगशेन, लोन्सिन अशा कंपन्या उभ्या राहिल्या. सुटे भाग एकाच मापाचे ठेवायचे आणि शेकडो लहान कारखान्यांकडून ते बनवून घ्यायचे, ही तिथली पद्धत. १९९३ साली चीन जगातला सर्वांत मोठा मोटारसायकल उत्पादक झाला. तिथल्या इंजिनावर कोरलेला क्रमांकही वाचता येतो : १५६एफएमआय म्हणजे एक सिलिंडर, ५६ मिलिमीटर बोअर, हवेने थंड होणारे, मोटारसायकलचे, १२५ सीसी गटातले. २००० च्या सुमारास या स्वस्त गाड्यांनी व्हिएतनामची बाजारपेठ अशी भरून टाकली, की होंडाला २००२ मध्ये तिथे स्वस्तातली वेव्ह अल्फा काढावी लागली. त्याआधी, २००१ मध्ये तर होंडाने आपली नक्कल करणाऱ्या सनडिरो या चिनी कंपनीशीच भागीदारी केली. भारतात ही लाट फारशी शिरली नाही. इथे हिरो होंडा, बजाज आणि टीव्हीएस आधीच स्वस्त गाड्या बनवत होत्या आणि सुटे भाग गावोगाव मिळत होते. महाराष्ट्रात चिनी मालकीची मोटारसायकल ठळकपणे आली ती पुण्याच्या डीएसके मोटोव्हील्समार्फत, २०१५ साली, बेनेली या इटालियन नावाने. पण ती मोठ्या इंजिनाची आणि महाग. तरी वसईतल्या शंभर सीसीच्या गाडीचे आणि चोंगचिंगच्या गाडीचे आतले नाते जवळचे आहे, आणि मॉडिफिकेशनचे नियम दोघींना सारखेच लागू पडतात.

त्यातला सर्वांत मोहाचा प्रकार म्हणजे बोअर वाढवणे. बोअर ५० चा ६२ केला आणि स्ट्रोक तोच ठेवला तर आकारमान ९७ वरून १४९ सीसीवर जाते, म्हणजे सुमारे ५४ टक्के वाढ. पोराला वाटते, ताशी ८० ची गाडी आता १२० ने पळेल. पण वेगात धावणाऱ्या गाडीची बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते आणि ती वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. वेग दीडपट हवा असेल तर शक्ती जवळजवळ साडेतीनपट लागेल. शक्ती ५४ टक्के वाढली असे अगदी उदारपणे धरले तरी वेग फार तर १५ टक्क्यांनी वाढतो : ८० चे ९२. आता या बदल्यात काय दिले ते पाहू. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणजे ब्रेकला एक तृतीयांश जास्त ऊर्जा जिरवायची आहे, आणि ब्रेक तोच १३० मिलिमीटरचा ड्रम. इंजिनात दीडपट उष्णता तयार होते, पण ती बाहेर टाकणारे पंख तेवढेच. क्रँक, बेअरिंग, क्लच प्लेट सगळे जुन्या जोरासाठी बनवलेले. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर ट्रकच्या मागून अशी गाडी काढणे हा जिवाशी खेळ आहे, हे मी स्पष्टच लिहितो.

त्या मानाने चेन स्प्रॉकेटचा बदल शहाणपणाचा. पुढे १४ दात आणि मागे ४२ असतील तर गुणोत्तर ३. पुढचे १५ केले की २.८ होते, त्याच वेगाला इंजिन सात टक्के कमी फिरते, आवाज आणि थरथर कमी होते. वसईचा पश्चिम भाग सपाट आहे. आगाशी, निर्मळ, भुईगाव या रस्त्यांवर एकटा माणूस फिरणार असेल तर हे चालते. मागे दुधाचे कॅन किंवा फुलांचे भारे असतील, किंवा रोज तुंगारेश्वरच्या बाजूची चढण असेल, तर कंपनीचेच दात बरे.

कायद्याचेही भान हवे. ८० ते १७५ सीसीच्या मोटारसायकलला उत्पादनाच्या वेळी ७७ डेसिबलची मर्यादा आहे, आणि डेसिबल दहाने वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. मूळ रचनेत मनाई असलेला बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाच विचार कमी वेगाच्या ई-स्कूटरला लागू आहे. २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर या मर्यादेत तिला नोंदणीतून सूट मिळते. वेगमर्यादा तोडली की प्रवाह वाढतो आणि तारांमधली, बॅटरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गात वाढते. बॅटरी बिघडली तर काय होते ते वसईने पाहिले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथे घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि एक लहान मूल दगावले.

खरे सांगायचे तर वसई-विरारमध्ये गाडीला शक्तीची उणीव मारत नाही, गंज मारतो. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात आणि ते गाडीवर बसतात. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढून विरघळते. पावसाळ्यात इथे ही मर्यादा सहज ओलांडली जाते, म्हणजे पाऊस नसतानाही गाडी रात्रभर खाऱ्या पाण्याच्या पातळ थरात उभी असते. अॅल्युमिनियमच्या इंजिनात पोलादी बोल्ट बसवलेला असतो. मधे खारे पाणी आले की दोन धातूंचा छोटा विद्युतघट तयार होतो आणि अॅल्युमिनियमचे आटे खाल्ले जातात. स्वस्त बोल्टवर जस्ताचा मुलामा पातळ असतो, म्हणून तो आधी जातो. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुणे आणि बोल्ट बसवताना आट्यांना ग्रीस लावणे, हे इथले सर्वांत मोलाचे मॉडिफिकेशन.

सायलेन्सर मात्र आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. लांब पल्ल्यात ते वाफ होऊन निघून जाते. पण इथला नोकरदार घरापासून स्टेशनपर्यंत दोन-तीन किलोमीटर जातो, गाडी दिवसभर स्टँडवर ठेवतो आणि रात्री तेवढाच परत येतो. सायलेन्सर पुरता तापतच नाही. पाणी आत साचते. ऑइलमध्येही ते उतरते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी वीस-पंचवीस मिनिटे सलग चालवा आणि छोट्या फेऱ्यांच्या गाडीचे ऑइल किलोमीटर भरण्याची वाट न पाहता बदला. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोललाही पाण्याची ओढ आहे. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा.

आणि पुराचे पाणी. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या, तेव्हा गल्ल्यांतल्या गाड्याही पाण्यात होत्या. दाबाचे प्रमाण ९:१ धरले तर ९७ सीसीच्या इंजिनात पिस्टन अगदी वर असताना उरणारी जागा जेमतेम १२ मिलिलिटर असते. म्हणजे अडीच चमचे पाणी आत शिरले तरी ते दाबले जात नाही, आणि इंजिन जोराने फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. बुडालेली गाडी बाहेर काढली की चावी बंद ठेवा, आधी प्लग काढा, मग हळू किक मारून पाणी बाहेर येऊ द्या. ऑइल दुधी दिसले तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका.