घरगुती सेप्टिक टँक : नियोजन आणि मातीची भूमिका

प्रस्तावना :
भुयारी गटार योजना नसलेल्या गावांत व उपनगरांत घर बांधताना सेप्टिक टँकचा विचार बहुधा शेवटी केला जातो. घराचा नकाशा निश्चित झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात टाकी बांधली जाते. टाकी बांधली म्हणजे मैलापाणी शुद्ध झाले, हा समज त्यामागे असतो. वस्तुतः टाकीत निम्मेच काम होते. उरलेले माती करते. म्हणून नियोजनाचा प्रारंभ मातीपासून व्हावयास हवा.

टाकीचे कार्य :
टाकीत मैलापाणी संथ राहते. जड घटक गाळरूपाने तळाशी बसतात, स्निग्ध पदार्थ तरंगून वर थर धरतात आणि प्राणवायूविना जगणारे जिवाणू गाळाचे अंशतः विघटन करतात. बाहेर पडणारे पाणी निवळ दिसले तरी त्यात रोगजंतू असतातच. भारतीय मानक २४७० (१९८५) नुसार पाच माणसांसाठी १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद व १ मीटर पाण्याची खोली असलेली टाकी पुरेशी होते. मात्र दर दोन वर्षांनी गाळ उपसणे गृहीत आहे.

मातीची परीक्षा :
शोषखड्डा घेण्यापूर्वी त्या जागी लहान खड्डा खणून तो रात्रभर पाण्याने भिजू द्यावा. दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी २५ मिलिमीटर उतरण्यास लागणारा वेळ मोजावा. तो ६० मिनिटांहून अधिक असल्यास शोषखड्डा निरुपयोगी ठरतो. मराठवाडा-विदर्भातील खोल काळ्या जमिनीत नेमके हेच घडते आणि टाकीचे पाणी अखेर उघड्या गटारात सोडले जाते. अशा ठिकाणी टाकीनंतर खडी भरलेली, खालून वर पाणी चढविणारी गाळणी बांधणे श्रेयस्कर होय. कोकणातील सच्छिद्र जांभ्यात याउलट धोका संभवतो. तेथे पाणी पुरेसे गाळले न जाताच विहिरीस मिळू शकते. शोषखड्डा व पिण्याच्या पाण्याची विहीर यांत किमान १८ मीटर अंतर मानकाने सांगितले आहे. भेगाळ खडकात तेही अपुरे पडू शकते.

उपशाची सोय :
टाकीचे झाकण फरशीखाली गाडले गेले किंवा टँकरची नळी तेथवर पोहोचत नसली, तर माणसाला आत उतरविण्याचा मोह होतो. टाकीतील विषारी वायूमुळे असा मनुष्य क्षणार्धात बेशुद्ध पडू शकतो व प्राणासही मुकतो. सुरक्षा साधनांविना अशी सफाई करवून घेणे २०१३ च्या कायद्याने दंडनीय ठरविले आहे. तथापि या अपघाताचे बीज पुष्कळदा नकाशातच पेरलेले असते.

निष्कर्ष :
विहिरीचे स्थान, मातीची शोषणक्षमता आणि टँकरची वाट या तीन बाबी प्रथम निश्चित कराव्यात. टाकीचे माप त्यानंतर ठरवावे. हा क्रम उलटल्यास घर स्वच्छ राहते, परंतु त्याची किंमत शेजाऱ्याची विहीर वा सफाई कामगाराचा जीव चुकवितो.