घरची वार्ता आणि परदेशची वार्ता

पिंपरीहून भोसरीमार्गे चाकणकडे, अथवा तळेगावच्या औद्योगिक वसाहतीकडे, पहिल्या पाळीला निघणाऱ्या कामगाराला घरची बातमी आणि परदेशची बातमी असा भेद पाळणे परवडत नाही. कारण ज्या कारखान्याच्या दारात तो ओळखपत्र दाखवून आत शिरतो, त्याचे भवितव्य बहुधा जर्मनीतील, कोरियातील अथवा अमेरिकेतील एखाद्या संचालक मंडळाच्या बैठकीत ठरत असते, आणि त्या बैठकीचा परिणाम मात्र निगडी-चिखलीतील त्याच्या घराच्या हप्त्यावर होत असतो.

तळेगावच्या एकाच कारखान्याची हकीकत पाहावी. २००८ साली जनरल मोटर्सने तेथे मोटारींचे उत्पादन सुरू केले. मे २०१७ मध्ये या कंपनीने भारतातील विक्री बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तरी निर्यातीसाठी तळेगावचे यंत्र चालू राहिले. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने हा कारखाना विकत घेण्याचा करार केला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने शेजारी राष्ट्रांतून येणाऱ्या भांडवलास पूर्वपरवानगीचे बंधन घातले. आणि १५ जून रोजी महाराष्ट्र शासनाने याच चिनी कंपनीशी सामंजस्य करार केला, त्याच रात्री लडाखमध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले. पुढे तो करार शासनाने स्थगित ठेवला, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावातून शेवटची मोटार बाहेर पडली, हजाराहून अधिक कामगारांचे काम थांबले, २०२२ साली चिनी कंपनीचा खरेदीचा बेत रीतसर संपुष्टात आला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये कोरियाच्या ह्युंदाईने ती मालमत्ता घेण्याच्या करारनाम्यावर सही केली.

ही सारी एकच बातमी होती. परंतु दूरचित्रवाणीवर ती तीन ठिकाणी विखुरली: सीमेवरील संघर्ष राष्ट्रीय वाहिन्यांच्या रात्रीच्या चर्चेत, कंपन्यांचे व्यवहार अर्थविषयक वाहिन्यांच्या पडद्याखालून धावणाऱ्या ओळीत, आणि कामगारांचे धरणे एखाद्या मराठी वाहिनीच्या वेगवान आढाव्यातील काही सेकंदांत. ज्याचे पोट त्या घटनेवर अवलंबून होते, त्याला तिन्ही धागे जोडून दाखविणारा कोणी भेटला नाही.

तेव्हा देशी आणि आंतरराष्ट्रीय वृत्तवाहिनी एक झाली तर अशा प्रेक्षकाचे कल्याण होईल, असे कोणासही सहज वाटेल. असे विलीनीकरण अलीकडेच एका मोठ्या संस्थेत घडले, आणि त्याचा अनुभव आपण बारकाईने पाहण्याजोगा आहे. बीबीसीच्या दोन वृत्तवाहिन्या होत्या. एक १९९७ साली निघालेली, ब्रिटनमधील प्रेक्षकांसाठी, तेथील घरटी घेतल्या जाणाऱ्या परवाना शुल्कावर चालणारी, म्हणून जाहिरातींपासून मुक्त. दुसरी जगासाठी, १९९१ साली उपग्रहावरून आशियात आलेली, जाहिराती आणि वर्गणी यांवर गुजराण करणारी; आपल्याकडे केबलवाल्याने गच्चीवर तबकडी बसवून स्टारच्या वाहिन्यांबरोबर जी घरात आणली, ती हीच. जानेवारी २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने परवाना शुल्क दोन वर्षांसाठी १५९ पौंडांवर गोठविले, त्याच वर्षीच्या जुलैमध्ये दोन्ही वाहिन्या एक करण्याची योजना जाहीर झाली, आणि ३ एप्रिल २०२३ पासून बीबीसी न्यूज या एकाच नावाखाली त्या चालू झाल्या.

नावे एक करणे सोपे होते. जमाखर्च एक करणे कठीण होते. जगातील प्रेक्षकाला जाहिराती दाखवायच्या त्या वेळी ब्रिटनमधील प्रेक्षकाला काय दाखवायचे, हा प्रश्न रोज उभा राहतो, आणि तेथे भरावाचे तुकडे लावावे लागतात. ब्रिटनमध्ये एखादी मोठी घटना घडली तर तेवढ्यापुरते प्रक्षेपण वेगळे काढण्याची सोय ठेवली आहे. पण ती केव्हा वापरायची, याचा निर्णय त्या त्या क्षणी करावा लागतो. शुल्क भरणाऱ्या ब्रिटिश प्रेक्षकांतून, आपल्या परगण्याची बातमी मागे पडली, अशी तक्रार उठली. निवेदकांच्या जागा कमी झाल्या. चार अनुभवी वृत्तनिवेदिकांनी निवड-प्रक्रिया न्याय्य नव्हती असे म्हणून संस्थेविरुद्ध कामगार न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, संस्थेने आरोप नाकारला, आणि २०२५ साली ते प्रकरण आपसांत मिटले. माझ्या मते या सगळ्याचे मूळ एकच आहे: हे विलीनीकरण बचतीच्या गरजेतून उपजले, प्रेक्षकाच्या गरजेतून नव्हे. दोन दप्तरांतील माणसे कमी करून एकाच पडद्यावर दोन्ही कामे लादली, की घरची आणि परदेशची बातमी जोडली जात नाही; त्या एकमेकींची जागा खातात, आणि त्यात नेहमी लहान गावची बातमी हरते.

महाराष्ट्रात या प्रश्नाने निराळे रूप घेतले. येथे बचतीच्या आधी कायदा आला. स्टार न्यूज ही वाहिनी १९९८ साली निघाली तेव्हा तिचे वार्तांकन एनडीटीव्ही करून देत असे. मार्च २००३ मध्ये तो करार संपला, स्टारने स्वतःची हिंदी वाहिनी उभारली, आणि नेमक्या त्याच वेळी भारतातून प्रक्षेपित होणाऱ्या वृत्तवाहिन्यांत परकीय भांडवल २६ टक्क्यांहून अधिक असू नये असा दंडक केंद्र सरकारने घातला. स्टारला देशी भागीदार शोधणे भाग पडले, आणि कोलकात्याच्या आनंदबझार पत्रिका समूहाकडे ७४ टक्के मालकी गेली. या भागीदारीतून जून २००७ मध्ये स्टार माझा ही मराठी वृत्तवाहिनी जन्मास आली. नाव परकीय मालकाचे, मालकी बहुतांशी बंगाली घराण्याची, भाषा आणि माणसे मराठी, अशी ही त्रिस्थळी रचना पाच वर्षे चालली. २०१२ साली स्टारने आपले नाव काढून घेतले, आणि १ जून २०१२ पासून तीच वाहिनी एबीपी माझा झाली. पडद्यावरील चेहरे तेच, बातमीदार तेच. बदलले ते बोधचिन्ह. लोकमत समूहाने नेटवर्क१८ बरोबर २००८ साली काढलेल्या आयबीएन लोकमतलाही पुढे नाव बदलावे लागले. २०१५ साली परकीय भांडवलाची मर्यादा ४९ टक्क्यांवर नेण्यात आली.

या नियमामागील भीती मला निराधार वाटत नाही. बातमी ज्याच्या हाती तो लोकमतावर अंमल गाजवू शकतो, आणि असा अंमल पूर्णतः परहस्ते जाऊ नये हे कोणतेही स्वाभिमानी राष्ट्र मानील. परंतु टक्केवारीच्या या वादात वीस वर्षे खर्ची पडली, आणि बातमीदाराची नेमणूक कोठे व्हावी, त्याला किती मुभा असावी, याविषयी सरकारदरबारी कोणी विचारले नाही. पिंपरी-चिंचवडला १९८२ पासून स्वतःची महानगरपालिका आहे, तरी येथील वार्ता पुण्याच्या वार्तेच्या शेपटाला बांधून पाठविण्याची रीत वाहिन्यांत रुजली ती रुजलीच.

जवळच्या बातमीदाराचे मोल किती असते याचा एक प्रसंग याच भागातला आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी आणण्याच्या योजनेस मावळातील शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला, आणि तिघे शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या दिवसाची दृश्ये मराठी वाहिन्यांनी घरोघर नेली. ज्या शहराच्या नळाला ते पाणी यायचे होते, त्या शहरातील माणसाला ते कोणाच्या शेतातून येणार होते हे प्रथम कळले. योजना रखडली, आणि तिच्याविषयी बोलताना पुढाऱ्यांना तो दिवस टाळता आला नाही. लंडन किंवा सिंगापूर येथून चालणाऱ्या एखाद्या वाहिनीला हे साधले नसते. येथे मराठी बोलणारा, रस्ता माहीत असलेला, गावच्या पाटलाला नावाने हाक मारू शकणारा माणूसच हवा होता.

आणि तरीही दूरचा संबंध तोडावा असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, लंडनहून बीबीसीचे मराठी प्रक्षेपण सुरू झाले होते, आणि कोल्हापूरकडच्या वेणू चितळे यांच्यासारखी मराठी माणसे तेथे ध्वनिक्षेपकापुढे बसली होती. परमुलखातील घडामोडी आपल्या भाषेत, आपल्या माणसाच्या तोंडून ऐकण्याची ती सोय पुढे बंद पडली. २ ऑक्टोबर २०१७ रोजी बीबीसी मराठी हा विभाग नव्याने आला, तो मात्र प्रामुख्याने मोबाईलच्या पडद्यावर. डिजिटल वृत्तसंस्थांनाही परकीय भांडवलाची २६ टक्क्यांची मर्यादा लागू झाली, तेव्हा बीबीसीच्या चार माजी सहकाऱ्यांनी कलेक्टिव्ह न्यूजरूम ही भारतीय कंपनी स्थापिली, आणि एप्रिल २०२४ पासून मराठीसह भारतीय भाषांतील बीबीसीचे काम ती करते.

दोन वाहिन्या वितळवून एक करण्यापेक्षा ही रचना मला अधिक आशादायक वाटते, कारण तीत दोन दप्तरे आपापल्या जागी राहतात आणि तरी एकमेकांना बातमी पुरवू शकतात. उदाहरणार्थ, २०२५ साली अमेरिकेने परदेशी मोटारींवर व सुट्या भागांवर २५ टक्के आयातशुल्क बसविले. भोसरीच्या पेठांमध्ये दहा-पंधरा माणसांच्या बळावर असे भाग घडविणारे शेकडो लघुउद्योजक आहेत. वॉशिंग्टनमधील बातमीदाराने त्या हुकमातील कलमे समजावून द्यावीत, आणि त्याच कार्यक्रमात भोसरीतील बातमीदाराने एखाद्या लेथवाल्याचे ऑर्डरचे रजिस्टर उघडून कोणती मागणी थांबली व कोणती चालू आहे ते दाखवावे. एवढ्यासाठी मालकीहक्काचा नवा तहनामा लागत नाही, चाकण-भोसरी पट्ट्यात कायम राहणारा एक पगारी बातमीदार लागतो, आणि आठवड्यातला एक तास.